बियाण्यातला कॉम्प्युटर

शेणवा, वैशाख

प्रिय भावू,

परवा फोनवर तू विचारलंस, शिकवणीच्या मुलांसाठी एखादा छोटा कॉम्प्युटर घ्यायचाय, पिशवीत मावेल असा, वहिनी तूच सांग कोणता. मी सांगायला लागले, मधेच आईचा विषय काढला आणि तुझी रेंज गेली. मुरबाडच्या बाजारपेठेत, भर दुपारी. आईचं नाव निघालं की तुझ्याकडची रेंज जाते हे मला आणि तुझ्या दादाला आता पाठ झालंय. म्हणून हे पत्र लिहायला बसले. कागदाला रेंज लागत नाही. आणि घाबरू नकोस, सुरुवात कॉम्प्युटरनेच करते, म्हणजे निदान तेवढं तरी तू वाचशील.

मला या छोट्या यंत्रांचं वेड किती, ते तुला ठाऊक आहे. नाक्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान; गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर हेच वाचत बसते, कुठला नवा आला, कोणाची बॅटरी किती पुरते, कोणता तापतो. सुनिल म्हणतो, लोकांच्या बायका साड्या बघतात, आमची प्रोसेसर बघते. बघते तर बघते. तर गेल्या महिन्यात कल्याणला गेले आणि दुकानदाराला म्हटलं, नेटबुक दाखवा, पूर्वी ते छोटे लॅपटॉप यायचे तसा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रॉकेलचा स्टोव्ह मागितला. म्हणाला, ताई, ते आता कोणी बनवत नाही, बंद होऊन जमाना झाला. मला उगाच वाईट वाटलं. मग त्याने काचेखालून एक काढून हातात दिला आणि भावू, मी तो उलटासुलटा करून बघतच राहिले.

आपल्या पोळपाटाहून हलका. पडदा खालच्या कीबोर्डपासून उचलून वेगळा घेता येतो, पाटीसारखा मांडीवर ठेवायचा आणि बोटाने चालवायचा. पंखा नाही, म्हणून आवाज नाही. बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत तो चालू झालेला. मी दोनदा बंद करून पुन्हा चालू केला, कारण माझा विश्वासच बसेना. माझी परीक्षा ठरलेली असते: सातबाऱ्याची साइट, दाखल्यांची साइट, एक जडशी पीडीएफ आणि त्यातच मराठी टायपिंग, सगळं एकदम. दुकानातला माझा मोठा कॉम्प्युटर एवढ्यावर धापा टाकतो. या एवढ्याशाने हूं का चूं केलं नाही. तिथे एसीत उभी राहून मला आपला जुना नेटबुक आठवला. तोही एवढाच होता. पण माणसाने मधल्या वर्षांत त्या एवढ्याशा जागेत काय काय बसवलं, कोणाच्या डोक्यातून हे निघतं, कळत नाही.

आता तुझ्यासाठी ऐक. रॅम आठ जीबीच्या खाली घेऊ नकोस, दुकानदार कितीही गोड बोलला तरी. एसएसडी आहे का ते विचार. स्वस्तातल्या काहींत मोबाइलसारखी साधी मेमरी बसवलेली असते, ते सुरुवातीला पळतात आणि मग बसकण मारतात. कीबोर्डवर दुकानातच उभं राहून तुझं नाव मराठीत टाइप करून बघ, बटणं बोटांना पुरतात का ते तेव्हाच कळतं. पडदा दुकानाच्या पायरीवर उन्हात नेऊन बघ. मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा मिळाला तर डोळे मिटून घे, कारण ऐन वेळी चार्जर हरवणं हे आपल्या घराण्यात चालत आलेलं आहे. आणि किंमत मला विचार, सुनिलला विचारू नकोस. मी त्याला अजून पुरती सांगितलेली नाही.

कारण मी तो घेतला, भावू. आणि माझ्यासाठी नाही, आईसाठी घेतला. पत्र खाली ठेवू नकोस.

आईला पौषात लकवा झाला हे तुला दादाने कळवलं होतं. उजवा हात-पाय हळूहळू येतोय, काठी धरून ओटीपर्यंत चालते. पण बोलणं गेलं. समजतं सगळं, तोंडाशी येतं, आणि तिथेच अडकतं. साधं पाणी मागता येत नाही. आणि ही आपली आई, जिच्या आवाजावाचून या बाजूला कुणाचं लग्न पुरं झालं नाही. भटजी उशिरा आला तरी चालायचं, धोंडीबाई धवळारीण आली का हे आधी विचारायचे. माझ्या हळदीलाही तीच गायली. संजीवनी हे नाव तिच्या चालीत बसेना, म्हणून तिने गाता गाता माझी संजू केली आणि तेव्हापासून मी सगळ्या गावाची संजूच आहे. साऱ्यांची लग्नं तिने गायली आणि पोटच्या पोरीचं, तुझं, तेवढं गायलं नाही. "ह्या लगीन मी नाय लावायची," असं ती म्हणाली, का तर प्रणय आपल्यातला नाही. तूही कमी नाहीस. मग माझ्याशी बोलूही नकोस, असं सुनावून तू निघालीस आणि कल्याणला जाऊन रजिस्टर केलंस. दोघींनी आपापला शब्द पाळला. शेणव्याहून मुरबाडची एसटी जाते-येते, पण तुम्हा दोघींना ती कधी दिसली नाही.

तू आधी तिने बोलावं म्हणून थांबलीस. आता तिला बोलताच येत नाही. मला रात्रंदिवस हेच खात होतं की आता ते कधीच होणार नाही.

आणि आणखी एक सांगते, कारण तू ते मनात धरून बसली आहेस. ठाण्याच्या हॉस्पिटलात तू आली होतीस. मी औषधं आणायला खाली गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सांगितलं की एक मुलगी दारात उभी राहिली, रडली आणि गेली. मग दादाला तू फोनवर म्हणालीस, तिने मला पाहून भिंतीकडे तोंड केलं. भावू, तिने तोंड केलं नव्हतं. दार तिच्या उजव्या अंगाला होतं आणि त्या दिवसांत तिची मान आणि डोळे उजवीकडे वळतच नव्हते. डॉक्टर स्वतः डाव्या बाजूला येऊन उभे राहायचे. मीसुद्धा आधी उजवीकडून हाका मारून दमले होते. तू दोन पावलं फिरून भिंतीकडे आली असतीस तर तिने तुला पाहिलं असतं. तिला तू आल्याचं अजून माहीत नाही.

घरी आणल्यावर वाचा शिकवणाऱ्या बाईंनी मोबाइलमध्ये एक सोय करून दिली. चित्रावर बोट ठेवायचं, मोबाइल बोलतो. मी आईच्या हातात दिला, तिने पेल्याचं चित्र दाबलं. आतून एक बाई बातम्या देतात तशा आवाजात म्हणाली, मला पाणी हवे आहे. आईने चटकन डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढला आणि दाराकडे बघून मला खूण केली, अगं, बाई आलीय, तिला पाणी दे. मला हसू आवरेना आणि रडूही. मी समजावलं की ती बाई म्हणजे तूच. तिने मोबाइल उलटा करून घोंगडीवर ठेवला आणि पुन्हा हात लावला नाही. परक्या बाईच्या तोंडून आपलं पाणी मागायचं, हे तिला पटणारं नव्हतंच.

त्या दिवशी मी सुनिलला सहज म्हटलं, भावूच्या त्या छोट्या कॉम्प्युटरवर आईचा आवाज होता, तो असता तर. तुझा तो नेटबुक ग, तू शहापूरच्या कॉलेजला असताना दादाने आटगावच्या कंपनीत ओव्हरटाइम करून घेतलेला. वाडीतली सगळी तो बघायला आली होती. दसऱ्याला आईने कोयत्या-विळ्यांच्या रांगेत त्यालाही बसवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि तू हळद बटणांत गेली म्हणून किंचाळलीस. लग्नाच्या वेळी तू तो रागाने इथेच टाकून गेलीस. आईने तो चुलीत घातला असंच आम्ही धरून चाललो होतो, तूही.

आई ओटीवर बसून ऐकत होती. उठली, माझं मनगट धरलं आणि ओढत कणगीपाशी नेलं, बियाण्याच्या. मला वाटलं, पेरणीचं विचारतेय. तर तिने माझा हात कणगीत दाबला. कोपरापर्यंत भात, आणि खाली काहीतरी चपटं, कठीण. तिच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तुझा नेटबुक. वर निर्गुडीचा पाला, कीड लागू नये म्हणून. झाकणावर दसऱ्याच्या हळदीचं बोट तसंच. भावू, आपल्या घरात बियाण्याचा मान तुला माहीत आहे. उपास पडले तरी त्याला कोणी हात लावत नाही. आणि हे ध्यानात घे, ती कणगी दरवर्षी मृगात रिकामी होते आणि कापणीनंतर नव्या बियाण्याने भरते. म्हणजे दरवर्षी तिने तो कोणाला न कळता बाहेर काढला, कुठेतरी जपला आणि पुन्हा नव्या बियाण्यात, नव्या पाल्यासकट ठेवला. पाला यंदाचा होता. तुझं नाव घरात काढू न देणारी बाई वर्षानुवर्षं हे करत होती.

त्याची बॅटरी केव्हाच मेलेली. बारीक पिनेचा जुना चार्जर शहापुरात एका दुरुस्तीवाल्याच्या खणात निघाला. वायर लावली, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं आणि कडेचा निळा दिवा लागला, आतला पंखा भाताच्या तुसासकट खरखरला आणि पडद्यावर अक्षरं आली. मी खरंच हात जोडले. चालू व्हायला त्याने एवढा वेळ घेतला की मी कोंबड्यांना दाणे टाकले, देवापाशी दिवा लावला, आणि परत आले तरी तो विचारच करत होता. मधेच लाइट गेली, सगळं पहिल्यापासून. आई मात्र हलली नाही. म्हैस व्यायला बसली की ती जशी बसून राहते तशी त्याच्यापुढे बसली होती.

आत तुझा कॉलेजच्या प्रकल्पाचा फोल्डर, धवळे नावाचा, आईच्या लग्नगाण्यांचा. तुला रेकॉर्डिंग बंद करायची आठवण कधीच राहायची नाही, त्यावरून मी तुला किती चिडवायची. आज तुझ्या त्या वेंधळेपणाच्या पाया पडावंसं वाटतं. गाणं संपलं तरी यंत्र चालूच, त्यामुळे सगळं घर त्यात उतरलंय. कोंबड्या, भांडी, माझ्या बांगड्या, आणि आईचा तो खणखणीत आवाज. पानी दे गो. कोंबरी हाकल. भाकर करपली. उनात नको बसू. इकरं बस गो. नाय. हव. मी दुकान सांभाळून एकेक बोल कापून वेगळा केला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि नव्या कॉम्प्युटरवर चढवला. चित्रंही आपल्याच घराची लावली: आपली कळशी, आपली चूल, ओटीवरचा पाट.

पहिल्यांदा तिच्या मांडीवर ठेवला तेव्हा तिने संशयाने कळशीवर बोट टेकवलं. "पानी दे गो," तिचाच आवाज, तेव्हाचा. या वेळी तिने पदर ओढला नाही, दाराकडे बघितलं नाही. हात गळ्याला लावला, मग पडद्याला, मग पुन्हा गळ्याला. मी धावत पाणी आणलं. तिने पुन्हा दाबलं, मी पुन्हा आणलं. पोट तट्ट फुगेपर्यंत ती पाणी मागत होती आणि मी देत होते, कारण दोघींनाही थांबवेना. मग तिने कोंबडी हाकलायला लावली, एकही कोंबडी आसपास नसताना. सुनिल कामावरून आला तो दारातच "इकरं बस गो" ऐकून थबकला. चप्पल न काढता उंबऱ्यावर बसला आणि ढसाढसा रडला. मला एवढंच वाटत होतं की दोन यंत्रं, एक म्हातारं आणि एक कालचं, आणि त्यांच्यामधून माझ्या सासूचा आवाज परत घरात चालत आला. हे माझ्या हातून झालं हे मला अजूनही खरं वाटत नाही.

गाणं मी मुद्दाम चढवलं नव्हतं. तुला तो दिवस आठवतोय ना, श्रावणात तू तिच्या मागे लागली होतीस की प्रकल्पाला हळदीचं गाणं हवंच. ती तयार होईना. "नाव नाय त गाना कसा म्हनू? कोनाला हलद लावू, भिंतीला?" तू म्हणालीस, कोणाचंही घाल. तर म्हणे, असं घालत नाहीत, ज्याचं नाव घेतलं त्याला हळद लागते. शेवटी वैतागून म्हणाली, मंग तुझाच घालते. आणि गाणं कोरडं म्हणू नये म्हणून मला हळद भिजवायला लावली आणि तुझ्या मनगटाला बोट ओढलं. "भाविका बसली पाटावरी, हलद लावा गो दोन्ही करी." मी जात्यापाशी बसून ऐकत होते. पुढच्या कडव्यात नवऱ्याचं नाव येतं. "कोनाचे नावाची हलद गो," इथपर्यंत आली आणि थांबली, म्हणाली, ह्या नाव तू सांगशील तवा पुढं म्हनीन. तू लाजलीस, आपण तिघी हसलो, आणि ते हसूही रेकॉर्ड झालंय.

पंधरवड्यापूर्वी शेजारी हळद होती. डीजे आणला होता. आईला बोलवायला कोणी आलं नाही. बोलावून तरी काय, असं त्यांना वाटलं असेल. ती घरात भिंतीकडे बघून बसली आणि या वेळी खरंच मुद्दाम. मला राहवलं नाही. मी ते गाणं नव्या कॉम्प्युटरवर आणलं आणि लावलं. दुसऱ्या ओळीला मला वाटलं आवाज घुमतोय, दोन-दोन ऐकू येतायत. म्हणून मी आवाज कमी केला. एकच राहिला. आणखी कमी केला, पार बंद केला. तरी एक राहिला.

आई गात होती, भावू. पाणी हा शब्द जिला येत नाही ती बाई सगळं कडवं म्हणत होती, जरा घोगरं, पण ताल न सोडता. आणि त्यात तुझं नाव आलं, स्पष्ट, भाविका. दुसऱ्या दिवशी वाचा शिकवणाऱ्या बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, असं होतं, बोलणं जातं तरी गाणं कधीकधी आत राहतं, त्याची जागा डोक्यात वेगळी असते. त्यांना ते पुस्तकात वाचून माहीत होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं. गाणं संपल्यावर तिने तुझं नाव नुसतं म्हणून बघितलं. ओठ मिटले, कपाळावर घाम आला, भ च्या पुढे गेलं नाही. मग पुन्हा गाणं म्हटलं आणि त्यात ते आलं. तिला तुला हाक मारायची तर आता एवढी एकच वाट उरलीय, आणि ती हळदीतून जाते.

आता खरं सांगते, एवढं लांबण का लावलं. काल सकाळी आईने स्वतः कॉम्प्युटर मागून घेतला. पाटाचं चित्र दाबलं, "इकरं बस गो." मी जाऊन बसले तर मला हाताने बाजूला सारलं. पाटावर थाप मारली, रस्त्याकडे बोट केलं, पुन्हा तेच बटण दाबलं. मग फडताळातून हळदीचा डबा काढायला लावला, डाव्या हाताने वाटीत कालवली आणि गायला लागली. तुझ्या नावाचं कडवं झालं. पुढचं सुरू केलं, "कोनाचे नावाची हलद गो," आणि थांबली, तेव्हा थांबली होती तिथेच. माझ्याकडे बघत राहिली. मी हळूच सांगितलं, प्रणय. तिने डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात चाल धरली, एकदा चुकली, दोनदा चुकली. आणि मग गाऊन म्हणाली, प्रणयचे नावाची हलद. आज सकाळी उठल्या उठल्या तिने हळद पुन्हा भिजवलीय आणि पाट दाराच्या डाव्या बाजूला मांडून घेतलाय. तुम्ही दोघं पुढच्या एसटीने या. कॉम्प्युटर कोणता घ्यायचा ते मग निवांत बघू.

वाट बघणारी, तुझीच,
संजू वहिनी